वर्धापनदिनाचं भांडण

सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. मनापासूनचा की रीतीपुरता, ते पत्र संपेपर्यंत तुमचं तुम्हाला कळेलच. इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचा खोकला गेला, भूक परत आली. जीभ तर कधी आजारी पडलीच नव्हती. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लिफ्ट असताना जिने चढून कोणी तरुण होत नाही.

इथल्या वृद्धाश्रमाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाचा तुमचा आराखडा मिळाला. फोनवर सांगितला असतात तरी चाललं असतं, पण आपल्या दोघींचा फोन "आई कशी आहे?" आणि "बरी आहे" ह्याच्या पुढे सरकत नाही, आणि मग आधी कोण ठेवतं ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. तेव्हा पत्रच बरं. पत्रात मध्येच तोडता येत नाही.

वन्सं, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून तुम्ही उठलात त्याला जमाना झाला, पण शाळेची घंटा काही तुमच्या डोक्यातून गेली नाही. स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत (पाहुण्या कोण, तर तुम्हीच!), आणि मग आजी-आजोबांची वेशभूषा स्पर्धा. विषय : फळं आणि भाज्या. तो कागद मी जेवणघरात मोठ्यानं वाचून दाखवला. इथे एक आजोबा आहेत, आयुष्यभर वकिली केली, अजून सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणतात. ते चमचा खाली ठेवून म्हणाले, "जन्मभर कोणाचं ऐकलं नाही, आता ह्या वयात भोपळा होऊ?" त्यांच्या समोर रेडिओ आजी बसतात. पहाटे सुरू होतात त्या झोपेपर्यंत बंद होत नाहीत, म्हणून रेडिओ. त्या म्हणाल्या, "व्हायचं काय शिल्लक आहे?" दोघांना हसून हसून ठसका लागला आणि नर्स माझ्या अंगावर आली. तुमच्या आराखड्यातून झाली ती करमणूक एवढीच.

शिवाय संगीत खुर्ची! अहो, इथल्या निम्म्या लोकांची खुर्ची त्यांच्याबरोबरच फिरते. त्यांना बाद कसं करायचं, ते तुम्हीच कळवा.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे कार्यक्रम ठरवायचं काम माझं आहे, आणि ह्या माणसांना कशानं जाग येते ते मी रोज बघते. मागच्या आठवड्यात मी हास्यवर्ग ठेवला होता. बाहेरून बाई बोलावली. चार जण आले, त्यातल्या दोघांना वाटलं होतं की रक्तदाब तपासणार आहेत. बाई "हा हा हा" करतायत आणि हे चौघं त्यांच्याकडे बघतायत, बिचारीला काय झालं म्हणून. तेवढ्यात वरच्या मजल्यावर वारा आणि मफलर ह्यांचं जुंपलं. एका खोलीत राहणारे दोघं म्हातारे, एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला बंद, त्यावरून आम्हीच ठेवलेली नावं. अहो, बघता बघता सगळा मजला गोळा झाला! काठ्या आल्या, चाकाच्या खुर्च्या आल्या. एक आजोबा कानातलं मशीन विसरले म्हणून परत खोलीत गेले आणि घालून धावत आले. धावत, वन्सं! व्यायाम घेणारी मुलगी त्यांना सहा पावलं चालवायला महिनाभर विनवण्या करत होती.

तेव्हाच मी ठरवलं. वर्धापनदिनाला भांडणाची स्पर्धा घ्यायची. जोडीनं यायचं, चिठ्ठीत विषय निघेल त्यावर तीन मिनिटं भांडायचं. शिव्या नाहीत, गेलेल्या माणसांना मध्ये आणायचं नाही, हात उगारायचा नाही. जो गप्प बसेल किंवा समोरच्याचं मान्य करेल तो हरला. मॅनेजर आधी घाबरले. मी म्हटलं, इथे आणलं म्हणून ही सगळी मंडळी मुलांवर चिडलेली आहेत, ते सगळं रोज तुमच्या अंगावर निघतं, एक दिवस एकमेकांच्या अंगावर निघू दे. लगेच सही केली.

पाहुण्यांचं मनोगत ह्यात बसत नाही, ते काढून टाकलंय. वाईट वाटून घेऊ नका. घेतलंत तरी माझी हरकत नाही.

समारंभाच्या शेवटी माइकवरून तुम्ही जे जाहीर करणार म्हणता, आईला तुमच्या घराजवळच्या नव्या वृद्धाश्रमात नेण्याचं, त्याबद्दल नंतर लिहीन. खोलीतून तलाव दिसतो म्हणे. छान आहे. आणि दुसऱ्या पानावर शेवटी जे एक वाक्य लिहिलंत, त्याचं उत्तर आज देत नाही. फुगे आणायचे आहेत.

तुमची,
भावजय

*

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. वन्सं,

पत्र पोचलं. "वृद्धांची विटंबना" हे शब्द वाचले. खाली लाल शाईची रेघही मारलीत. मी तुमची विद्यार्थिनी नाही, हे तुम्हाला कधीतरी कळेल अशी आशा आहे.

"आईला चारचौघांत भांडायला बसवतेस, लाज वाटत नाही?" असं विचारलंत. बसवणारी मी कोण! पहिलं नाव त्यांनी दिलं. मॅनेजर वहीत लिहून घेत होते, विचारलं, जोडीदार कोण? म्हणाल्या, "सून. इथे दुसरं माझ्या तोडीचं कोणी नाही." मॅनेजर म्हणाले, त्या तर इथल्या कर्मचारी आहेत, नियमात बसत नाही. तर म्हणतात, "ती कर्मचारी आत्ता झाली, सून आधीपासून आहे." झालं, घातलं नाव.

सगळ्या इमारतीला नवं बळ आलंय. रेडिओ आजी एरवी कोणाशीही बोलतात, आता मुद्दे काढून ठेवतात. वकीलसाहेबांनी दाढी करून घेतली. वारा आणि मफलर सरावाला नको म्हणतात, "आमचा सराव वीस महिने चाललाय," म्हणाले. जेवणघरात आता मीठ कमी पडलं तर स्वयंपाकीणबाईंवर कोणी ओरडत नाही, "राखून ठेवलंय," म्हणतात.

आमचाही सराव होतो, दुपारी, त्यांच्या खोलीत. परवा मी साखरेचा डबा काढला. म्हणजे विषय. आठवतो ना, आपल्या स्वयंपाकघरातली ती सगळ्यात वरची फळी?

"मुद्दाम वर ठेवायचीस," म्हणाल्या. "माझा हात पोचू नये म्हणून."

"तुम्हाला साखरेचा आजार होता, आई."

"आजार मला होता, उंची तुला होती. त्याचा असा फायदा घेतात?"

"आणि स्टूल ठेवून चढायचात ते? पडला असतात म्हणजे?"

"पडले ते जिन्यावरून पडले. स्टुलावरून एकदा तरी पडले का? दाखव!"

कप्पाळ माझं! दारात उभी राहून नर्स टाळ्या वाजवत होती. एवढी वर्षं एका स्वयंपाकघरात दोघी वावरलो, वन्सं, चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे म्हणतात, आमच्याकडे प्रत्येक दिवस दोघींचा होता. तुम्ही सुट्टीला यायचात, चार दिवस राहायचात, आईकडून माझ्याबद्दल ऐकायचात आणि जाताना मला समजुतीच्या चार गोष्टी सांगायचात. लेकी बोले सुने लागे, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

आता ऐकते ते वेगळंच. सगळ्या नातेवाइकांना तुम्ही सांगत सुटलात म्हणे, भाऊ गेला आणि वर्षाच्या आत सुनेनं सासूला आश्रमात टाकलं. टाकलं? तीन मजले चढून जायचं घर, खाली-वर करायला जिना एकच, त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि दोन माणसांनी उचलून न्यायचं तर दुसरं माणूस कुठून आणू? तुम्ही तेव्हा आलात, दोन दिवस राहिलात, "काहीतरी करायला हवं" म्हणालात आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेलात. मी काहीतरी केलं. त्याला तुम्ही टाकणं म्हणता.

जाऊ दे. हे सगळं लिहायला बसले नव्हते.

विचारायचं होतं ते हे, की बुधवारी फोनवर तुम्ही त्यांना काय सांगितलंत? त्या दिवसापासून त्या माझ्याशी नीट वागतायत. काल म्हणाल्या, "चहा चांगला झालाय." चहा जेवणघरातला होता आणि गार होता. आज मी चादर उलटी घातली, तर काही बोलल्या नाहीत. मी सरळ जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. ते म्हणाले, तब्येत उत्तम आहे. मग मला जास्तच भीती वाटायला लागली.

खरं काय ते कळवा. तलावाचं मी अजून काही लिहिलेलं नाही हे माझ्या लक्षात आहे, तुम्ही आठवण करून देऊ नका.

तुमची,
भावजय

*

सोमवार, २४ नोव्हेंबर

वन्सं,

आज तीर्थरूप वगैरे काही लिहीत नाही. नमस्कारही तुमच्या वयाला आहे.

तुम्ही समारंभाला आला नाहीत. मनोगत काढलं म्हणून रुसलात, की भावोजींचा गुडघा खरंच एवढा सुजलाय, ते तुमचं तुम्हाला माहीत. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, तीवर शेवटी स्वयंपाकीणबाई बसल्या आणि त्यांनी फार मजा केली.

कार्यक्रम काय रंगला म्हणून सांगू! टेबलं भिंतीला लावली, फुगे बांधले, स्वागतकक्षातली घंटा मॅनेजरांच्या हातात दिली. वारा आणि मफलर पहिले. तीन मिनिटं झाली, मॅनेजरांनी घंटा वाजवली, दोघांना ऐकूच गेली नाही. मॅनेजर वाजवतायत, हे भांडतायत. शेवटी नर्सनं दोघांच्या मध्ये उभं राहून हात हलवले, तर दोघं मिळून तिच्यावर ओरडले. मग वकीलसाहेब आणि रेडिओ आजी. वकीलसाहेबांना धड एक वाक्यही बोलायला मिळालं नाही. दोनदा "हरकत आहे!" म्हणाले आणि खाली बसले. जिला भेटायला कोणी येत नाही अशी एक आजी आहे, कधी खोलीबाहेर पडत नाही, ती दाराशी उभी राहून "हाण! सोडू नकोस!" म्हणत होती.

मग आमची पाळी आली. चिठ्ठीत निघालं : दुपारची झोप. मी सुरुवात केली. म्हटलं, तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा घरात भांडं वाजलं तर आकाश कोसळायचं, आणि मी पाच मिनिटं पाठ टेकली की तुम्हाला नेमकं काहीतरी सापडायचं नाही. लोक हसले. मी थांबले. आता त्या मला सोलून काढणार म्हणून पदर खोचून तयार उभी राहिले.

त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि माइकमध्ये म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मी तुला कधी झोपू दिलं नाही."

बस. एवढंच. वन्सं, लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून त्यांनी मला बरोबर म्हटलेलं नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा, ह्यांना कुठला सदरा घालायचा त्यावरून त्यांनी मला चुकीचं ठरवलं होतं. मॅनेजरांनी घंटा वाजवली. मला बक्षीस दिलं, गरम पाण्याची पिशवी. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खुर्ची ढकलत त्यांना खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, "हा काय प्रकार?"

"कसला प्रकार? हरले."

"तुम्ही? तुम्ही हरणाऱ्यातल्या आहात?"

आधी उडवाउडवी केली. मग सांगितलं. बुधवारी तुम्ही त्यांना काय म्हणालात ते अक्षरशः सांगितलं. की ती थकलीय. की तोंडानं बोलत नाही पण थकलीय. की भाऊच गेला, आता तिचं आपल्याशी नातं ते काय उरलं, तिला किती दिवस बांधून ठेवणार? तू हो म्हण आई, म्हणजे ती सुटेल.

तेच वाक्य. पहिल्या पत्रात दुसऱ्या पानावर मला लिहिलंत तेच. "माझा भाऊ गेला, आता तुझं नातं ते काय उरलं?" मला लिहिलंत ते मी गिळलं होतं. म्हटलं, हिला दुःख झालंय, भाऊ गेलाय, बोलू दे. पण तेच उचलून तुम्ही त्या बाईच्या कानात घातलंत! मोडलेलं हाड घेऊन पलंगावर पडलेल्या तुमच्या आईच्या! मी थकले हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही म्हणून तिच्या जिवाला घोर लावलात?

मी त्यांना विचारलं, "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले. जायचंच आहे तर जाता जाता तुला कशाला हरवायचं? एकदा जिंकू दे म्हटलं."

वन्सं, मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर काठी वाजली. म्हटलं, मला दया दाखवताय? मी मागितली होती? तर त्याही उसळल्या. "मग तू तरी कधी म्हणालीस का, राहा म्हणून? लेक एक महिना सांगतेय, ये, ये. तू मूग गिळून बसलीस. मी काय समजायचं?"

"रोज येते ना मी! अजून काय म्हणायचं असतं?"

"रोज येतेस ते नोकरी आहे म्हणून. पगार घेतेस."

तेव्हा ते बाहेर पडलं. तुम्हालाही सांगायचं नव्हतं, त्यांनाही नव्हतं. छापखान्यातलं पंख्याखाली बसून करायचं काम सोडून मी इथे म्हाताऱ्यांसाठी फुगे फुगवायला आले ते कोणासाठी? इथे त्यांना खोली मिळाली तेव्हा मॅनेजरांच्या दारात तीनदा बसले, म्हटलं, कुठलंही काम द्या, झाडू द्या. तेव्हा कार्यक्रमाची बाई सोडून गेली होती, ते काम मिळालं. मला गाता येत नाही, नाचता येत नाही, कोणाला हसवता येत नाही. मला फक्त भांडता येतं, आणि तेही ह्यांच्याकडूनच शिकले.

हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तसं बोल की."

"राहा," म्हटलं.

"आज्ञा करतेस?"

"हो, करते."

"सासूला?"

"सासूलाच. दुसरं कोण आहे मला?"

माझा आवाज फुटला, त्याचा मला अजून राग येतोय. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात मागे करून म्हणाल्या, "ती पिशवी इकडे दे. मी मुद्दाम हरले होते, बक्षीस माझंच आहे." त्यावरून पुढे जे सुरू झालं ते नर्स येईपर्यंत चाललं.

आज सकाळी त्यांनीच मला लिहायला बसवलं. निरोप त्यांच्याच शब्दांत देते : "मी येत नाही. तुझा तलाव तुला लखलाभ. सून थकली का ते मी बघीन, तू नको बघूस." तेव्हा तिथली खोली तुम्ही रद्द करा.

इथेच संपवणार होते. पण एक गोष्ट आहे, ती लिहिली नाही तर मी तुमच्यासारखीच ठरेन.

तुमचा फोन यायचा असला की त्या केस विंचरून घेतात. साधा फोन, वन्सं, त्यात केस दिसतात का? तरी नर्सकडून आरसा मागतात, भांग नीट काढतात, ओठांना ओलं बोट लावतात. फोन ठेवला की अर्धा तास कोणाशी बोलत नाहीत. तुम्ही समारंभाला येणार म्हणून त्यांनी त्या दिवशी दोनदा वेणी घातली होती. तुमची वाट बघतात त्या. माझी कधी बघितली नाही, मी असतेच. माझ्यासमोर त्या विस्कटलेल्या केसांनी बसतात, कवळी वाटीत काढून ठेवतात, आणि मला ह्याचा फार राग यायचा.

आता येत नाही. तुम्ही या. त्यांना न्यायला येऊ नका, भेटायला या. केस विंचरलेली आई तुम्हाला मिळेल. विस्कटलेली मी कोणाला देणार नाही.

तुमच्या आईची,
सून